मुलीला गावी पाठवू की रेसिडेन्सी सोडू?

पत्राचा सारांश : वाचक एकोणतीस वर्षांच्या आहेत. नाशिकमधल्या एका रुग्णालयात भूलशास्त्रात एमडी करतात, सध्या जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टर (रेसिडेंट). सीट मिळाली तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती, आता दीड वर्षाची आहे. नवरा अंबड एमआयडीसीत इंजिनिअर, जनरल शिफ्ट. घर इंदिरानगरला, रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. आठवड्यातून दोनदा चोवीस तासांची इमर्जन्सी ड्यूटी असते. ती संपली तरी दुसऱ्या दिवशीची ओटीची लिस्ट, म्हणजे ठरलेल्या शस्त्रक्रिया, उरकल्याशिवाय घरी जाता येत नाही. मुलीला सासूबाई सांभाळतात. पण निफाडजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. पावसाळा सरताना होणाऱ्या गोडी छाटणीला त्यांना जावंच लागेल आणि खुडा संपेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, त्या तिकडेच राहतील. ‘छोटीला मी नेते, तुझी परीक्षा झाली की घेऊन जा,’ असं त्या म्हणतात. वाचकांची आई म्हणते, ‘डिग्री पुढेही मिळेल, हे वय परत मिळणार नाही, सोडून दे.’ नवरा म्हणतो, ‘तू ठरव, मी तुझ्यासोबत आहे.’ विभागात रजा मागायला गेल्या तेव्हा एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, ‘मूल हवं होतं तर सीट कशाला अडवली?’ मुलगी सासूबाईंना आई म्हणते. ड्यूटीवरून आल्यावर या हात पुढे करतात आणि ती तोंड फिरवते. त्यांचा प्रश्न : मुलीला पाठवू की रेसिडेन्सी सोडू? ती मला विसरली का? आणि पत्राच्या तळाशी एक ओळ : ‘कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये.’

प्रिय डॉक्टर,

तळाची ओळ मी आधी घेते. बाकीचं सगळं त्यानंतर.

‘उठूच नये’ असं ड्यूटीनं पिळून निघालेलं माणूस सहज बोलून जातं, आणि आतून खचलेलं माणूसही हेच शब्द वापरतं. तुमचं यातलं कोणतं, हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. तुम्ही डॉक्टर असलात तरी तुम्हालाही ते एकटीनं ठरवता येणार नाही. म्हणून याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आपल्याच रुग्णालयातल्या विभागात गेलं तर कोण बघेल, कोण बोलेल, ही भीती खरी असते, म्हणून बाहेरच्या डॉक्टरांकडे जा. बॅचमेटकडून गोळी लिहून घेऊ नका, स्वतःची स्वतः तर अजिबात नाही. बाळंतपणाशी जोडलेलं नैराश्य पहिल्या काही आठवड्यांत येऊन जातं असा समज आहे. ते वर्ष उलटल्यावरही रेंगाळू शकतं, आणि अपुऱ्या झोपेमुळे आणखी मुरतं. वेळ मिळूनही झोप लागत नसेल, मुलगी कुशीत असताना काहीच वाटत नसेल, किंवा मरणाचा विचार अधिकाधिक स्पष्ट होत चालला असेल, तर आठवड्याचीही वाट पाहू नका. त्याच दिवशी नवऱ्याला हे वाक्य जसंच्या तसं सांगा आणि दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. रात्री तीन वाजता ड्यूटी रूममध्ये एकटं वाटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. सोडायचं, पाठवायचं, यातला कोणताही मोठा निर्णय या भेटीच्या आधी घेऊ नका.

आता मुलीचं. नाही, ती तुम्हाला विसरलेली नाही.

साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलांना आपलं माणूस नजरेआड झालेलं सहन होत नाही. दहा ते अठरा महिन्यांच्या काळात हे सगळ्यात तीव्र असतं. तुमची मुलगी त्याच टप्प्यात आहे. तीस तासांनी परत आलेल्या आईकडे पाठ फिरवणं ही या वयात तक्रार असते. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडेच ती केली जाते, शेजारच्या काकू दोन दिवसांनी आल्या म्हणून कोणतंही मूल रुसत नाही. अशा वेळी तिला ओढून घेऊ नका, ‘आईला विसरलीस का गं?’ असं तिच्यासमोर म्हणू नका, आणि खेळणं देऊन मनधरणीही करू नका. हातपाय धुऊन तिच्याजवळ जमिनीवर बसा. ती पाच मिनिटांत येईल किंवा अर्ध्या तासानं, पण येईल.

सासूबाईंना ती आई म्हणते, याचं तुम्हाला फार लागलेलं दिसतं. तुमच्या घरात नवरा त्यांना आई म्हणून हाक मारतो, तुम्हीही तशीच मारत असाल. तिनं दिवसभर जे ऐकलं तेच ती म्हणते. मनातला क्रमांक तिनं बदललेला नाही.

अमेरिकेत १९९१ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. जन्मापासूनच्या १,३६४ मुलांचा त्यात अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. आईव्यतिरिक्त कुणीतरी सांभाळतं एवढ्यानं मुलाची आईशी असलेली सुरक्षित ओढ तुटते का, हा त्यातला एक मुख्य प्रश्न होता. निव्वळ तेवढ्यानं ती तुटत नाही, असं दिसलं. आई मुलाचे इशारे किती ओळखते, त्याच्या रडण्या-हसण्याला कशी साद देते, याचा प्रभाव सांभाळण्याच्या तासांपेक्षा जास्त होता. इशारे ओळखणं आणि साद देणं, दोन्हींची गळचेपी झोप नसली की होते. म्हणून तुमच्या बाबतीत मला घरातल्या कमी तासांपेक्षा त्या तासांत तुम्ही किती जाग्या असता, याची काळजी जास्त वाटते.

पत्रात तुम्ही दोनच वाटा दाखवल्या आहेत. एकेक पाहू.

गावी पाठवण्यात सासूबाईंचं प्रेम आहे, आणि निफाडकडच्या मोकळ्या अंगणात ती रमेलही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलं आजोळी-आजीकडे वाढली आहेत, त्यामुळे हे काही अघोरी नाही. पण जेआर-टूपासून परीक्षेपर्यंत म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. तिच्या आजवरच्या वयाएवढं. एवढ्या काळात ती आई आणि बाबा दोघांपासून एकदमच लांब जाईल, आणि तेही वेगळं होणं सगळ्यात जड जाणाऱ्या वयात. शिवाय छाटणीपासून खुड्यापर्यंत बागेवरच्या घरातल्या बाईला किती उसंत मिळते, हे निफाड-दिंडोरीकडच्या कुणालाही विचारा. मजुरांचा चहा, विरळणी, औषधांचे ड्रम, व्यापाऱ्यांची ये-जा. तिथे दीड वर्षाच्या मुलीमागे दिवसभर धावणार कोण? फवारणीची औषधं कुठे ठेवतात, शेततळ्याला कुंपण आहे का, हे प्रश्न सासूबाईंचा मान राखूनही विचारावे लागतील. दिवाळीचे आठ-दहा दिवस बाबासोबत ती जाऊन आली तर छानच. दीड वर्षासाठी मी नको म्हणेन.

सोडण्याचं. तुमची आई काळजीपोटी बोलते, आणि तिचं एक वाक्य खरं आहे : हे वय परत मिळत नाही. दुसरं वाक्य तितकं खरं नाही. सोडलेली पीजीची सीट परत मिळवणं म्हणजे पुन्हा नीट-पीजीची प्रवेश परीक्षा, पुन्हा प्रवेशाच्या फेऱ्या, आणि मधल्या काळात मूल मोठं होऊन शाळेत जाऊ लागलेलं. जागा सोडण्याच्या दंडाचे आणि बाँडचे (सक्तीच्या सेवेच्या कराराचे) तुमच्या प्रवेशाच्या वर्षीचे नियमही आधी वाचा, कुणाच्या तोंडच्या माहितीवर जाऊ नका. तरीही मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले की थांबायला हवं, तर थांबा. पण आधी लेखी वैद्यकीय रजा मागून पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीनुसार ठरलेल्या रजेपेक्षा जास्त दिवस घेतले, तर तेवढ्याच दिवसांनी मुदत वाढते, आणि ८० टक्के हजेरी लागते. म्हणजे परीक्षा एखाद्या सत्रानं पुढे जाऊ शकते. कायमची सोडून देण्यापेक्षा ते कितीतरी हलकं आहे. रजेचा अर्ज विभागप्रमुख आणि अधिष्ठाता कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि परीक्षेच्या पात्रतेवर काय परिणाम होईल ते म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कार्यालयातच विचारा. नाशिकमध्ये राहून एवढा एक फायदा आपल्याला आहे, दारातच आहे ते.

पण मला सांगा, या दोनच वाटा आहेत हे कुणी ठरवलं? तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात सासूबाई आहेत, आई आहे, वरिष्ठ आहेत, बाग आहे. मुलीचे बाबा एका वाक्यात येतात : ‘तू ठरव, मी तुझ्यासोबत आहे.’ ते प्रेमानंच म्हणाले असतील. पण या वाक्यात मूल तुमचं आहे, अडचण तुमची आहे, निर्णय तुमचा आहे, आणि ते बाजूला उभे राहून धीर देताहेत. जनरल शिफ्ट करणारा, रोज रात्री घरी झोपणारा, साप्ताहिक सुट्टी असलेला बाप घरात आहे. तो आहे म्हटल्यावर मुलीला सांभाळायला कुणी नाही, असं आपण म्हणूच कसं शकतो?

त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तुम्हीही त्यांना या हिशेबात धरलेलं नाही, सासूबाईंनीही नाही, तुमच्या आईनंही नाही. आपल्याकडे बाप ‘मदत’ करतो. सासूबाई गावी जाणार म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न आला, की आता छोटीच्या आईचं कसं होणार.

माझा सल्ला असा आहे : तुमची रेसिडेन्सी संपेपर्यंत मुलीचे मुख्य पालक तिचे बाबा असतील, हे दोघांनी ठरवा आणि घरच्यांना सांगा. मुख्य पालक म्हणजे नेमकं काय, तेही लिहून काढा, नाहीतर ते बोलण्यातच राहील. पाळणाघराचा पहिला फोन त्यांना येईल. लसीची तारीख त्यांच्या डोक्यात असेल. ताप आला तर सुट्टी ते टाकतील. रात्री ती उठली तर ते उठतील, तुम्ही घरी असलात तरी, कारण दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात कुणाचा तरी श्वास असतो. डबा, डायपर, कपडे संपत आलेत का, हे त्यांना कळेल. तुम्ही ओटीतून मेसेज करून आठवण करून द्यायची नाही. सुरुवातीला चुका होतील. फ्रॉक उलटा घातला जाईल, खिमट जरा पातळ होईल. तिथे हात घालायचा मोह आवरा. बापाला निवांतपणे चुकू दिलं नाही, तर तो पुन्हा मदतनीस होतो.

त्यांच्या कंपनीत हे सोपं जाणार नाही. बायकोची रेसिडेन्सी आहे म्हणून पुरुष साडेपाचला निघतो, याची आपल्या कंपन्यांना सवय नाही. पण त्यांनी आपल्या साहेबांशी आत्ताच, अडचण यायच्या आधी बोलावं : पुढची दीड वर्षं ओव्हरटाइम नको, अचानकचे दौरे नकोत, महिन्यातले अमुक दिवस वेळेवर निघेन. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या तरतुदीनुसार ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायला हवी. तुमच्या रुग्णालयालाही ते लागू आहे, त्यांच्या कंपनीलाही. सोय आहे का, जवळच्या पाळणाघराशी करार आहे का, हे दोघांनीही आपापल्या एचआरला विचारा, ईमेलवर.

सोय नसेल तर खासगी पाळणाघर शोधा, आणि ते बाबांच्या वाटेवरचं असू दे. न सांगता दुपारी जाऊन या, मुलं झोपेतून उठायच्या वेळी. खरी परीक्षा तेव्हा होते. सांभाळणाऱ्या बाया टिकतात का, एका बाईकडे किती लहानगी आहेत, रडणाऱ्या मुलाला उचलतात की टीव्हीसमोर बसवतात, एवढं बघितलं तरी कळतं. कॅमेरे आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. सासूबाई असतानाच, छाटणीच्या निदान दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा. पहिले काही दिवस तासभर आजीसोबत, मग तासभर एकटी, मग दुपारपर्यंत. सासूबाई गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पाळणाघर, असं एकाच आठवड्यात झालं तर तिच्यासाठी आजी आणि घर दोन्ही एकदम हरवतील.

घराचंही बोलू. इंदिरानगरहून अंबड जवळ, तुमचं रुग्णालय लांब. घर बघताना हा विचार कधी झाला असेल असं वाटत नाही. भाड्याचं असेल तर पुढच्या दीड वर्षासाठी रुग्णालयापासून दहा-पंधरा मिनिटांवर घ्या. मोठा प्रवास बाबा करतील. दोन तासांचा ब्रेक मिळाला तर घरी येऊन तिला जेवू घालता येईल, अशा घराचं मोल तुमच्यासाठी फार मोठं आहे. मग पाळणाघरही त्याच भागात बघा. स्वतःचं घर असेल आणि हप्ते चालू असतील, तर ते भाड्यानं देऊन तिकडे भाड्यानं राहण्याचा हिशेब करून पाहा. स्टायपेंडमधून आधी बचत आणि मग उरलं तर बाई, असा क्रम लावला असेल तर तो या काळापुरता उलटा करा. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट यातलं काहीही तुमच्या वाट्याला ठेवू नका.

‘परीक्षा झाली की सगळं सुरळीत होईल’ ही समजूतही मला तपासून बघावीशी वाटते. एमडीनंतर बाँड किंवा सिनियर रेसिडेन्सी येते. पुढे फ्रीलान्स करायचं ठरवलं तरी भूलतज्ज्ञाला रात्री दोनला सिझेरियनसाठी फोन येतोच. म्हणजे ही तात्पुरती कळ काढायची गोष्ट नाही. घराची घडी आत्ता बसली तर ती पुढची अनेक वर्षं उपयोगी पडेल, आणि आता फक्त वेळ मारून नेली तर हेच पत्र पाच वर्षांनी तुम्ही पुन्हा लिहाल.

रुग्णालयाकडे वळते. तुमच्या वरिष्ठांचं वाक्य मला फार बोचलं. सीट तुम्ही अडवलेली नाही, परीक्षा देऊन मिळवली आहे, आणि पहिल्या दिवसापासून तिथे पूर्ण काम करता आहात. पदव्युत्तर नियमावलीत प्रसूती रजा आहे, पुरुषांसाठी पितृत्व रजा आहे. म्हणजे शिकणाऱ्या डॉक्टरांना मुलं होतात, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं आहे.

ही कामाची पद्धत आली कुठून, हे माहीत असलं की मनावरचं ओझं थोडं कमी होतं. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये उघडलं. तिथले शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी शिकाऊ सर्जनांना वर्षानुवर्षं रुग्णालयातच ठेवून घडवण्याची पद्धत बसवली. त्या मुलांनी लग्न करू नये अशीच अपेक्षा असे. खुद्द हॉलस्टेड आधी कोकेनच्या आणि मग मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते. संसार नसलेल्या, रुग्णालयातच राहणाऱ्या पुरुषांसाठी आखलेला तो दिनक्रम आज तुमच्या माथी आला आहे. तो तुम्हाला झेपत नाही, यात तुमच्यात काही कमी आहे असं अजिबात नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १९९२ च्या निर्देशांत निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी सामान्यतः १२ तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवडा ४८ तासांचा असावा, असं म्हटलं आहे. २०२३ च्या नियमावलीत ‘वाजवी’ तास, पुरेशी विश्रांती, आठवड्याची एक सुट्टी, वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा आणि ५ दिवसांची शैक्षणिक रजा आहे. आयोगाच्याच राष्ट्रीय कृतिदलानं २०२४ मध्ये ७४ तासांची साप्ताहिक मर्यादा सुचवली. कागद आणि वॉर्ड यांत किती अंतर आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. हे आकडे घेऊन विभागप्रमुखांशी भांडायला जा, असं मी म्हणत नाही. दीड वर्ष तिथेच काढायचं आहे, थिसिसवर सही तिथलीच हवी आहे. पण माहिती असलेलं माणूस मागतं तेव्हा त्याचा सूर वेगळा असतो.

मागताना ‘कमी ड्यूटी द्या’ असं मागू नका. ती मागणी फेटाळली जाईल, आणि तुमचा भार सोबतच्या जेआरवर पडला की मैत्रीही तुटेल. ‘महिन्याचा रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक) आधी कळावा’ हे मागा. पाळणाघर आणि बाबांची सुट्टी या दोन्ही गोष्टी त्याच्यावर उभ्या आहेत, आणि ते मान्य करायला विभागाला काही खर्च येत नाही. पोस्ट-ड्यूटीला, म्हणजे ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी, लिस्टऐवजी प्री-अ‍ॅनेस्थेशिया (भूल देण्याआधीच्या) तपासणीची ओपीडी मिळेल का, हे विचारता येईल. बॅचमेटशी अदलाबदल करताना तुमच्याकडे द्यायलाही काहीतरी असू द्या : त्यांच्या घरच्या सणाला, लग्नाला तुम्ही उभ्या राहा, तुमच्या ठरलेल्या संध्याकाळी ते राहतील. आधी थिसिसच्या गाईडशी एकटीनं बोला, जमल्यास कागदावर दीड वर्षाचा आराखडा नेऊन. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करावा लागतो, त्यामुळे केसेस जमवण्याचं काम जेआर-टूमध्येच संपवायचं असा त्यात उल्लेख असला, की गाईडची निम्मी काळजी मिटते. (ज्यांची रेसिडेन्सी २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात चालू असेल, त्यांनी सिंहस्थाची अमृतस्नानं आत्ताच कॅलेंडरवर मांडावीत. रस्ते बंद असतील, रजा मिळणं अवघड जाईल, गावाकडून आजीही येऊ शकणार नाही.)

आणि ते वाक्य पुन्हा ऐकायला मिळालं, तर तारीख, वेळ आणि समोर कोण होतं, हे लिहून ठेवा. शांतपणे म्हणा, ‘सर, मी रजेचा अर्ज नियमानुसार दिला आहे.’ त्यापुढेही चालूच राहिलं तर महाविद्यालयाची तक्रार समिती आहे, निवासी डॉक्टरांच्या मार्ड या संघटनेचे प्रतिनिधी आहेत. एकटीनं जाऊ नका.

एक गोष्ट मात्र आजपासूनच बंद करा : चोवीस तासांच्या ड्यूटीनंतर स्कूटी चालवत घरी येणं. सलग चोवीस तास जागं राहिलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाएवढी घसरते, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. वाहन चालवताना आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारू प्यायलेल्या माणसाला तुम्ही मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी चालवू देणार नाही. रिक्षा करा, नाहीतर हॉस्टेलच्या खोलीत दोन तास झोपून मग निघा. मुलीकडे लवकर पोचायची घाई मला समजते, तरीही.

घरी पोचल्यावरही आधी झोप. ‘आधीच तिला वेळ मिळत नाही, त्यात झोपू कशी’ असं वाटेल. चार तास झोपून उठलेली आई तासभर जरी मिळाली, तरी डोळे मिटत चार तास शेजारी बसलेल्या आईपेक्षा तिला ती जास्त मिळते. त्या तासात काही विशेष करायची गरज नाही, खेळण्यांचं दुकान नको, मॉल नको. आंघोळ घाला, भात भरवा, कपडे वाळत घालताना चिमटे तिच्या हातात द्या. घरी असाल त्या प्रत्येक रात्री एकच गाणं म्हणून झोपवा. ड्यूटीवर असताना दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ कॉल चालेल. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणणारी भारतीय बालरोग अकादमीही घरच्या माणसांशी अधूनमधून अशा कॉलला हरकत घेत नाही. निघताना मात्र तिची नजर चुकवून जाऊ नका. घरोघर हेच चालतं, ‘तिकडे बघ, काऊ आला’ म्हणायचं आणि आईनं सटकायचं. मग मूल दिवसभर दाराकडे बघत राहतं. ‘आई कामाला चालली, उद्या संध्याकाळी येणार’ असं सांगून जा. ती रडेल. बाबा तिला घेऊन उभे राहतील आणि रडणं थांबेल.

सासूबाईंचं वर्षभराचं काम किती होतं, याचा विचार तुमच्या पत्रात आहे, आणि मला ते आवडलं. त्या मुलीला नेते म्हणाल्या, ते तुमचा भार उचलण्यासाठी. नको म्हणताना तुम्ही नका सांगू, त्यांच्या मुलानं सांगावं : ‘आई, छोटीला मी बघतो. तू बाग बघ, आम्ही दर दुसऱ्या रविवारी येतो.’ मार्चनंतर त्या परत येतील तेव्हा दिवसभराची जबाबदारी पुन्हा त्यांच्यावर टाकू नका. पाळणाघर चालू ठेवा, आणि त्यांना फक्त आजी म्हणून राहू द्या.

ज्या पुरुष रेसिडेंट्सना मुलं आहेत, त्यांच्याकडून मला अशी पत्रं फारशी येत नाहीत. त्यांच्या मुलांनाही कुणीतरी सांभाळत असतं; ती बाई काय सोडून घरी बसली आहे, हे त्यांनी एकदा तिला विचारावं. रोटा आधी मागणं, ठरलेली संध्याकाळ राखणं, पोस्ट-ड्यूटीला झोपून उठल्यावर मुलाला आंघोळ घालणं, हे सगळं त्यांनाही लागू आहे.

हे उत्तर नवऱ्यालाही वाचायला द्या, आणि पुढची पोस्ट-ड्यूटी सोडून एखादी संध्याकाळ ठरवून, मुलगी झोपल्यावर, दोघं बसा. त्या संध्याकाळी घर हलवायचं का एवढंच ठरलं तरी पुरे. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मात्र त्याच्या आधी घ्या, आणि तिथे त्यांनाही सोबत न्या.